परदेशातील तीर्थयात्रा आणि भ्रमणध्वनीचा खर्च



रोम, लुर्ड्स, फातिमा व पवित्र भूमी या तीर्थक्षेत्रांच्या दर्शनासाठी आपल्या धर्मग्रामांतून यात्रेकरूंचे गट जात असतात. यांतील अनेकांनी या एका यात्रेसाठी वर्षानुवर्षे पैसे साठवलेले असतात. कुणी निवृत्तीच्या रकमेतील काही भाग बाजूला ठेवलेला असतो, तर कुणाला परगावी नोकरी करणारी मुले हातभार लावतात. विमानभाडे, व्हिसा, निवास, भोजन, विमा या सर्वांचा हिशेब घर सोडण्यापूर्वीच झालेला असतो. एक खर्च मात्र असा आहे की ज्याचा आकडा पुष्कळदा घरी परतल्यावरच कळतो. तो म्हणजे भ्रमणध्वनीच्या रोमिंगचा खर्च.

‘मी तर कुणाला फोन केलाच नाही, मग एवढे बिल कसे आले?’ हा प्रश्न परतलेल्या यात्रेकरूंच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्यांचे म्हणणे खरे असते आणि पुष्कळदा बिलही खरे असते. कारण परदेशात खर्च केवळ आपल्या बोलण्याने होत नाही. आपण न सांगता फोन जी कामे करीत राहतो, त्यांनीही तो होतो. म्हणूनच खर्च आवरण्याची वेळ परदेशात नसून घरातून निघण्यापूर्वीची आहे. या लेखात आम्ही या विषयाची माहिती यात्रेकरूंच्या सोयीसाठी क्रमाने देत आहोत.

रोमिंग म्हणजे काय?

आपले सिमकार्ड ज्या भारतीय कंपनीचे आहे, तिचे मनोरे परदेशात नसतात. तेथे आपला फोन त्या देशातील एखाद्या कंपनीच्या मनोऱ्याशी जोडला जातो. ती कंपनी आपल्या भारतीय कंपनीकडे विचारणा करते, ग्राहकाची ओळख पटवते आणि सेवा देते. या सेवेचे पैसे ती भारतीय कंपनीकडून घेते व भारतीय कंपनी ते आपल्याकडून वसूल करते. परदेशी कंपनीकडून वापराची नोंद येण्यास वेळ लागू शकतो. त्यामुळे प्रवासात ॲपवर दिसणारी रक्कम त्या क्षणाची पूर्ण रक्कम असेलच असे नाही.

भारतात आपण राज्याबाहेर गेलो तरी येणाऱ्या फोनसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. परदेशात तसे नाही. मुलाने घरून आपल्या नेहमीच्या क्रमांकावर फोन केला, तर त्याला तो भारतातीलच फोन वाटतो आणि त्याच्याकडून भारतातीलच दर घेतला जातो. पण तो आवाज भारतातून रोमपर्यंत नेण्याचा खर्च फोन उचलणाऱ्या आईच्या खात्यावर पडतो. दोघांपैकी कुणाचीच चूक नसते, परंतु ही गोष्ट दोघांनाही ठाऊक नसते.

खर्च कोणत्या वाटांनी वाढतो?

१. पार्श्वभूमीवर चालणारे इंटरनेट. काढलेली छायाचित्रे आपोआप साठवणीत पाठवणे, ॲप अद्ययावत करणे, व्हॉट्सॲपवर आलेली चित्रफीत न विचारता उतरवून घेणे, ही कामे फोन खिशात असतानाही करतो. समजा, पॅक नसताना एका एमबीचा दर ५० रुपये आहे आणि एक छायाचित्र ३ एमबीचे आहे. दिवसभरात ४० छायाचित्रे काढली व ती आपोआप साठवणीत गेली, तर १२० एमबी म्हणजे ६,००० रुपये एका दिवसात खर्च झाले. हे उदाहरण केवळ समजण्यासाठी दिले आहे. प्रत्यक्ष दर कंपनी व देश यांप्रमाणे बदलतो.

२. कॉल वळवण्याची सोय. फोन न उचलल्यास तो दुसऱ्या क्रमांकावर वळवावा, अशी व्यवस्था आपल्या फोनवर असेल, तर भारतातून आलेला कॉल आधी परदेशात आपल्यापर्यंत येतो आणि तेथून पुन्हा भारतात वळतो. त्यामुळे न उचललेल्या फोनचेही दुहेरी पैसे लागू शकतात.

३. मिनिटांची मोजणी. दर जेथे पूर्ण मिनिटाला आकारला जातो, तेथे ६१ सेकंदांचे बोलणे दोन मिनिटांचे धरले जाते. लहान लहान अनेक फोनांपेक्षा एकच ठरवून केलेला फोन स्वस्त पडतो.

४. अनोळखी फोन. कर्ज, विमा, जमीन यांच्या जाहिरातीचे फोन परदेशातही येतात. ते उचलले की पैसे आपले जातात.

निघण्यापूर्वी करावयाची तयारी

प्रवासाच्या निदान आठवडाभर आधी पुढील गोष्टी कराव्यात. घरातील तरुणांनी आई-वडिलांच्या शेजारी बसून हे काम करून द्यावे, अशी आमची विनंती आहे.

१. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे किंवा नाही, हे कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडे विचारावे. ते नको असल्यास बंद असल्याची खात्री करावी.

२. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवावे. दोन सिमकार्डांच्या फोनमध्ये इंटरनेटसाठी कोणते सिम निवडले आहे, हे स्वतंत्रपणे पाहावे. एका सिमवर बंद केल्याने दुसऱ्यावर ते आपोआप बंद होत नाही.

३. छायाचित्रांची आपोआप साठवण, ॲपचे अद्ययावतीकरण व व्हॉट्सॲपवरील चित्रे उतरवणे ही कामे ‘फक्त वायफायवर’ ठेवावीत.

४. कॉल वळवण्याची सोय फोनच्या सेटिंगमधून अथवा ग्राहक सेवा केंद्राला सांगून रद्द करावी.

५. फोनमधील प्रत्येक क्रमांकाच्या आधी अधिक चिन्ह व ९१ लावून तो जतन करावा. शून्याची कळ थोडा वेळ दाबून ठेवली की अनेक फोनांवर अधिक चिन्ह उमटते. ९१ नसलेला दहा अंकी क्रमांक परदेशातून लागत नाही आणि ज्येष्ठ यात्रेकरू ऐन वेळी घाबरून जातात.

६. प्रीपेड ग्राहकांनी रिचार्जची मुदत यात्रेच्या शेवटच्या दिवसानंतरही शिल्लक राहील असे पाहावे. मुदत संपली तर बँकेचा ओटीपी येणे थांबू शकते. पोस्टपेड ग्राहकांनी रोमिंगच्या खर्चाला मर्यादा घालता येते का, हे कंपनीला विचारावे. प्रीपेडवर फार तर शिल्लक संपते, पोस्टपेडवर मात्र बिल वाढत राहू शकते.

७. रोमची स्थळे, मार्ग व नकाशे घरीच वायफायवर उतरवून घ्यावेत. उतरवलेला नकाशा इंटरनेट नसतानाही उघडतो.

तीन मार्ग: पॅक, स्थानिक सिम आणि वायफाय

पहिला मार्ग भारतीय कंपनीच्या रोमिंग पॅकचा. क्रमांक तोच राहतो, ही त्यातील सोय आहे. ज्येष्ठांसाठी बहुधा हाच मार्ग सुखाचा ठरतो. पॅक घेताना चार प्रश्न विचारावेत व शक्यतो उत्तर लेखी घ्यावे. पॅकमध्ये कोणकोणते देश आहेत? येणारे फोन त्यात आहेत का? ठरलेला डेटा संपल्यावर सेवा थांबते की जादा दराने चालू राहते? आणि पॅकचा ‘एक दिवस’ कसा मोजला जातो? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. दिवस भारतीय वेळेनुसार मोजला जात असेल, तर भारतात मध्यरात्र होते तेव्हा रोममध्ये हिवाळ्यात सायंकाळचे ७.३० व उन्हाळ्यात रात्रीचे ८.३० वाजलेले असतात. रात्रीच्या जेवणानंतर घरी केलेला फोन मग दुसऱ्या दिवसाच्या पॅकमध्ये मोजला जातो.

दुसरा मार्ग स्थानिक सिमकार्डाचा. अधिक दिवसांच्या मुक्कामासाठी व इंटरनेटचा बराच वापर असल्यास तो स्वस्त पडू शकतो. इटलीत सिम घेताना पारपत्र दाखवावे लागते. अलीकडच्या अनेक फोनांत ई-सिमची सोय आहे. ते कार्ड न घालता फोनमध्ये उतरवता येते. मात्र प्रवाशांसाठी विकली जाणारी बहुतेक ई-सिम केवळ इंटरनेटसाठी असतात, त्यांना बोलण्याचा क्रमांक नसतो. फोन एखाद्या कंपनीला बांधलेला नसावा, ही अट दोन्ही प्रकारांत आहे.

स्थानिक सिम घेतले तरी भारतीय सिम पूर्णपणे बंद करू नये. त्याचे डेटा रोमिंग बंद ठेवून ते फोनमध्ये राहू द्यावे. येणारे लघुसंदेश बहुतेक योजनांत निःशुल्क असतात आणि बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. निघण्यापूर्वी कंपनीकडे एवढी खात्री करून घ्यावी.

तिसरा मार्ग निवासस्थानाच्या वायफायचा. दिवसा फोन ‘विमान स्थितीत’ ठेवावा आणि रात्री खोलीत वायफाय जोडून व्हॉट्सॲपवर घरच्यांशी बोलावे. यात रोमिंगचा खर्च शून्य आहे. मात्र विमानतळ व उपाहारगृह येथील खुल्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

सीमा बदलते, दर बदलतो

यात्रेकरू एका यात्रेत अनेक सीमा ओलांडतात. मनोऱ्यांच्या सीमा मात्र नकाशातील सीमेवर अचूक थांबत नाहीत.

व्हॅटिकन: संत पीटरच्या चौकात पाऊल टाकले की आपण दुसऱ्या राज्यात जातो, पण फोन साधारणपणे इटलीच्याच कंपन्यांवर चालतो. व्हॅटिकनसाठी ३७९ हा संकेतांक राखून ठेवलेला असला तरी तो वापरात नाही. तेथील दूरध्वनी इटलीच्या ३९ या संकेतांकानेच लागतात.

युरोपीय संघ: १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातील सिमकार्ड संघाच्या इतर देशांत मायदेशाच्याच दराने चालते. म्हणजे रोममध्ये घेतलेले सिम फ्रान्समधील लुर्ड्स व पोर्तुगालमधील फातिमा येथेही वापरता येते. इंटरनेटच्या वापरावर काही मर्यादा असू शकते, ती सिम घेतानाच विचारावी. हा नियम भारतीय सिमला लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. ‘युरोपात रोमिंग फुकट आहे’ या ऐकीव माहितीवर विसंबून पुष्कळांची फसगत होते.

स्वित्झर्लंड व ब्रिटन: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. रोमहून लुर्ड्सला जाताना वाटेत स्वित्झर्लंड दाखवणाऱ्या सहली असतात, तेव्हा हा देश पॅकमध्ये आहे का, हे वेगळे पाहावे. ब्रिटननेही युरोपीय संघ सोडला असल्याने तेथे वरील नियमाची हमी उरलेली नाही.

मेजुगोर्ये: हे स्थान बोस्निया-हर्झेगोव्हिना या देशात आहे. अनेक गट क्रोएशियातील स्प्लिट येथे उतरून बसने तेथे जातात. क्रोएशिया युरोपीय संघात आहे, बोस्निया नाही. त्यामुळे बस सीमा ओलांडते त्या क्षणी युरोपीय सिमची सवलत संपू शकते.

पवित्र भूमी: येथे सर्वांत जास्त सावधगिरी हवी. नाझरेथ व गालीलचा समुद्र इस्राएलमध्ये आहे, तर बेथलेहेम व यरीहो ही शहरे पॅलेस्टिनी प्रशासनाखाली आहेत. इस्राएलचा संकेतांक ९७२ व पॅलेस्टाइनचा ९७० आहे. बेथलेहेममध्ये फोन जव्वाल किंवा उरेडू या पॅलेस्टिनी कंपन्यांशी जोडला जाऊ शकतो. आपल्या पॅकमध्ये केवळ इस्राएलचे नाव असेल, तर येशूजन्माच्या महामंदिरात असतानाच पॅकबाहेरचा दर लागण्याची शक्यता असते. यार्देन नदीवरील बाप्तिस्म्याच्या ठिकाणी तर दोन्ही काठ काही मीटरच्या अंतरावर आहेत. पश्चिम काठावर कास्र अल-याहुद व पूर्व काठावर जॉर्डन देशातील अल-मघतास आहे. एका काठावर उभ्या असलेल्या यात्रेकरूचा फोन दुसऱ्या काठावरच्या मनोऱ्याला जोडला जाऊ शकतो. मृत समुद्राच्या किनाऱ्यावरही तसे घडू शकते. अशा ठिकाणी फोन विमान स्थितीत ठेवावा किंवा सेटिंगमधून पॅकमधील कंपनी स्वतः निवडावी. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या युद्धापासून या प्रदेशातील परिस्थिती वारंवार बदलत आली आहे. म्हणून यात्रा ठरवण्यापूर्वी भारत सरकारच्या सूचना अवश्य पाहाव्यात.

संयुक्त अरब अमिराती: पवित्र भूमीला अथवा युरोपला जाताना अनेकांचे विमान दुबई किंवा अबूधाबी येथे थांबते. काहींची मुले तेथेच नोकरीला आहेत. तेथे व्हॉट्सॲपवरून संदेश जातो, परंतु व्हॉट्सॲपच्या बोलण्यावर निर्बंध आहेत. ‘पोहोचलो’ हे कळवण्यासाठी संदेशच पाठवावा.

विमान आणि जहाज

काही विमानांत व समुद्रावरील मोठ्या जहाजांवर उपग्रहाद्वारे चालणारे स्वतंत्र मोबाइल जाळे असते. त्याचे दर फार जास्त असतात व देशासाठी घेतलेला साधा पॅक तेथे सहसा चालत नाही. जहाजाने प्रवास करणाऱ्यांनी बंदर सुटताच फोन विमान स्थितीत टाकावा.

गटाने जाणाऱ्यांसाठी

चाळीस जणांच्या गटात चाळीस पॅक घेण्याची गरज नसते. गटप्रमुख व आणखी दोघे यांनी बोलण्याचा व इंटरनेटचा पॅक घ्यावा. निघण्यापूर्वी सर्व कुटुंबांचा एक व्हॉट्सॲप गट तयार करावा आणि रोज ठरलेल्या वेळी गटप्रमुखाने ‘सर्व सुखरूप आहेत, उद्या अमुक ठिकाणी जाऊ’ एवढा संदेश त्यावर टाकावा. तातडीची गरज पडल्यास कोणाच्या क्रमांकावर फोन करावयाचा, हे घरच्यांना लेखी द्यावे.

ज्येष्ठ यात्रेकरूंच्या खिशात एक चिठ्ठी असावी. तीवर गटप्रमुखाचा क्रमांक, निवासस्थानाचे नाव व पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेला असावा. गर्दीत चुकामूक झाली आणि फोनची बॅटरी संपलेली असली, तरी ही चिठ्ठी उपयोगी पडते. युरोपीय संघात आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक निःशुल्क आहे. इस्राएलमध्ये पोलिसांसाठी १०० व रुग्णवाहिकेसाठी १०१ आहे. जॉर्डनमध्ये ९११ आहे. काटकसर करताना या फोनांना कुणी कचरू नये. आजारपण, चुकामूक, चोरी अशा प्रसंगी खर्चाचा विचार न करता लगेच फोन करावा.

फोन चोरीला गेल्यास प्रथम भारतीय कंपनीला कळवून सिम बंद करावे. त्यासाठी परदेशातून लागणारा ग्राहक सेवेचा क्रमांक फोनमध्ये नव्हे, तर कागदावर लिहून पारपत्राजवळ ठेवावा.

घरी राहणाऱ्यांसाठी दोन शब्द

यात्रेकरूंचा खर्च घरच्यांच्या हातातही असतो. आई-वडील यात्रेला गेले असताना साध्या फोनऐवजी संदेश पाठवावा. ते रात्री वायफायवर आले की वाचतील. वेळेतील फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे सकाळचे ७ वाजतात तेव्हा रोममध्ये रात्रीचे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात. नातेवाइकांनाही आधी सांगून ठेवावे. पण घरी खरोखर काही गंभीर घडले, तर पैशाचा विचार करून कळवण्याचे टाळू नये. काटकसर करावयाची ती अशा एका फोनसाठी पैसे व मन मोकळे राहावे म्हणूनच.

बिल तरीही जास्त आले तर

प्रथम तपशीलवार बिल मागावे. तारीख, देश, परदेशी कंपनीचे नाव व वापर तपासावा. पॅक असतानाही जादा दर लागला असेल, तर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. उत्तराने समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. पॅक घेतल्याचा संदेश, पावती व परदेशात उतरल्यावर आलेले स्वागत संदेश पुसून टाकू नयेत. तेच आपला पुरावा असतात.

समारोप

८ नोव्हेंबर २०१७ च्या सर्वसाधारण भेटीत दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मिस्साबलिदानाच्या वेळी भ्रमणध्वनी उंचावून छायाचित्रे काढणाऱ्यांविषयी खंत व्यक्त केली होती. धर्मगुरू आपल्याला अंतःकरणे उंच करावयास सांगतात, भ्रमणध्वनी नव्हे, असे त्यांनी सांगितले होते. खर्चाच्या निमित्ताने का होईना, दिवसभर फोन बंद ठेवणाऱ्या यात्रेकरूला प्रार्थनेसाठी अधिक निवांतपणा मिळतो, असा आमचा अनुभव आहे. लुर्ड्सच्या गुहेसमोर जपमाळ करताना खिशातला फोन वाजला नाही, तर आपली आणि शेजारच्याचीही प्रार्थना भंगत नाही.

आपल्या धर्मग्रामातून कुणी यात्रेला निघणार असेल, तर हा लेख छापून त्यांच्या हाती द्यावा. ज्या पैशांनी आपण प्रभूच्या जन्मस्थळी जातो, ते घामाचे पैसे आहेत. ते राखणे हाही यात्रेच्या तयारीचा भाग आहे. सर्व यात्रेकरूंना प्रभू सुखरूप नेवो व सुखरूप घरी आणो, हीच प्रार्थना.